बिघाडातून कळलेला मेंदू

राग, आठवण, संयम, व्यसन या सगळ्यामागे मेंदू असतो, यावर आज कोणी वाद घालत नाही. पण हे कळायला माणसाला फार वेळ लागला. प्राचीन इजिप्तमध्ये ममी तयार करताना हृदय जपून शरीरातच ठेवत आणि मेंदू नाकावाटे बाहेर काढून फेकून देत. त्याच इजिप्तमधल्या, इ.स.पू. १७०० च्या सुमाराच्या एका पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर मात्र डोक्याच्या जखमांच्या बारीक नोंदी आहेत. कवटीला मार लागलेल्या माणसाचा पाय कसा ओढला जातो, कोणाची वाचा कशी जाते, हे त्यात लिहून ठेवलं आहे. पुढेही बराच काळ असंच चाललं. सिद्धान्त मांडणारे एकीकडे आणि मार लागलेली माणसं तपासणारे दुसरीकडे. मेंदू आणि वर्तन यांचं नातं आपल्याला उमगलं ते बरंचसं या दुसऱ्या मंडळींमुळे.

ग्रीकांमध्येही हीच ओढाताण दिसते. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या लेखनात फीट येणं हा दैवी कोप नसून मेंदूचा आजार आहे, असं ठणकावून सांगितलं आहे. त्यानंतर आलेल्या ॲरिस्टॉटलने मात्र बुद्धीचं स्थान पुन्हा हृदयात नेलं आणि मेंदूकडे रक्त थंड करण्याचं काम दिलं. दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने लोकांसमोर एक प्रयोग करून दाखवला. जिवंत डुकराच्या मानेतला एक बारीक मज्जातंतू त्याने कापला. डुक्कर धडपडत राहिलं, पण त्याचं ओरडणं क्षणात थांबलं. आवाजाचा हुकूम हृदयाकडून येतो म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर देता आलं नसतं. तरीही पुढची अनेक शतकं मेंदूतल्या पोकळ्या आणि त्यांतून वाहणारे सूक्ष्म वायू यांच्याच चर्चेत गेली. मज्जातंतूंमधून विजेशी संबंधित काहीतरी जातं, हे गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरून दाखवलं ते १७९१ मध्ये. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने त्या संदेशाचा वेग मोजला, तर तो सेकंदाला तीसेक मीटरच्या आसपास भरला. अनेकांच्या कल्पनेपेक्षा तो कितीतरी कमी होता. विचार आणि कृती यांच्यामध्ये मोजता येईल एवढा वेळ जातो, ही गोष्ट तेव्हा बऱ्याच जणांच्या पचनी पडली नाही.

खरी गुंतागुंत एकोणिसाव्या शतकात सुरू होते. मेंदूचा एखादा भाग बिघडला की एखादं वर्तन बिघडतं, हे डोळ्यांना दिसतं. त्यावरून ते वर्तन त्याच भागात राहतं असं म्हणण्याचा मोह होतो. या विषयातली बरीच प्रगती आणि बरेच घोटाळे या एकाच उडीतून निघाले आहेत. फ्रान्झ गॉलने तर बिघाडाचीही वाट पाहिली नाही. मेंदूत २७ वेगवेगळ्या वृत्तींची २७ ठिकाणं आहेत आणि त्यांचा कमी-जास्त आकार कवटीवरच्या उंचवट्यांतून कळतो, असं त्याने जाहीर केलं. डोकं चाचपून स्वभाव सांगण्याचा धंदा युरोप-अमेरिकेत जोरात चालला. उंचवट्यांचा भाग शुद्ध थाप होती. पण मेंदूचे वेगवेगळे भाग वेगवेगळी कामं करत असावेत, ही त्यामागची कल्पना टिकली.

तिला सर्वांत प्रसिद्ध पुरावा मिळाला तो एका अपघातातून. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचं काम चालू होतं. २५ वर्षांचा मुकादम फिनिअस गेज भोकात सुरुंगाची दारू ठासत असताना स्फोट झाला. एक मीटरहून लांब आणि सुमारे सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरली आणि कवटी फोडून डोक्याच्या वरून बाहेर पडली. काही मिनिटांत गेज बोलू लागला. बैलगाडीत बसून मुक्कामाच्या जागी आला आणि डॉक्टरांना म्हणाला की, घ्या, तुमच्यासाठी पुरेसं काम आणलंय.

तो वाचला याचंच त्या वेळी आश्चर्य होतं. त्याच्या वागण्याबद्दल, त्याच्यावर उपचार केलेल्या डॉ. हार्लो यांनी सविस्तर लिहिलं ते १८६८ मध्ये, गेजच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. पूर्वीचा कामसू, हिशेबी माणूस आता शिवराळ, लहरी, कोणाचं न ऐकणारा झाला होता. ओळखीचे लोक म्हणत, हा आमचा गेज नाहीच. पाठ्यपुस्तकं साधारण इथेच थांबतात. त्यापुढे काय झालं ते मला अधिक मोलाचं वाटतं. गेजने चिलीमध्ये अनेक वर्षं घोडागाडी हाकली. प्रवासी सांभाळायचे, घोडे सांभाळायचे, वेळ पाळायची, अवघड रस्त्यावर मनाला लगाम घालायचा. मेंदूचा पुढचा भाग गेला म्हणजे संयम कायमचा गेला, या सरळ गोष्टीत हे आयुष्य बसत नाही. मेंदूने स्वतःला बऱ्यापैकी सावरलं असावं, असं आज या प्रकरणाचा अभ्यास करणारे म्हणतात. पण सावरलेला गेज कथेसाठी सोयीचा नाही, म्हणून बिघडलेलाच लोकांच्या लक्षात राहिला.

१८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी असाच एक रुग्ण पाहिला. लबोर्न नावाच्या या माणसाला समोरच्याचं बोलणं कळत असे, पण कशाचंही उत्तर देताना तोंडून फक्त ‘तां’ एवढंच निघे. काही दिवसांतच तो वारला. ब्रोका यांनी मेंदू तपासला, तर डाव्या बाजूच्या पुढच्या भागात एक जागा नष्ट झालेली होती. भाषेसाठी मेंदूत ठरावीक जागा आहे हे सिद्ध झालं, असं मानलं गेलं. ब्रोका यांनी तो मेंदू न कापता जपून ठेवला, हे आपलं नशीब. २००७ मध्ये त्याचं एमआरआय स्कॅनिंग झालं तेव्हा इजा वरून दिसते त्याहून बरीच खोल गेल्याचं आढळलं. जागा बरोबर होती, पण तिला मेंदूच्या इतर भागांशी जोडणारे तंतूही तुटले होते.

हे जोडकाम नेमकं कसं असतं, यावर दरम्यान वेगळंच युद्ध पेटलं होतं. इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची पद्धत शोधली. त्यांच्या मते सगळी मज्जासंस्था हे एकसंध, अखंड जाळं होतं. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच पद्धत वापरून उलट निष्कर्ष काढला: प्रत्येक चेतापेशी सुटी असते. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि गोल्जी यांनी पुरस्काराच्या व्याख्यानातही काहाल यांच्या सिद्धान्तावर टीकाच केली. काहाल बरोबर निघाले. मग सुट्या पेशी एकमेकींशी बोलतात कशा? १९२१ च्या सुमारास ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाचा मज्जातंतू उत्तेजित करून त्याचे ठोके मंदावले आणि भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. तेही मंदावलं. संदेश रसायनातून जात होता. या प्रयोगाची कल्पना लोवी यांना म्हणे झोपेत सुचली. पहिल्या रात्री उठून कागदावर लिहिलेलं सकाळी त्यांनाच वाचता आलं नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा सुचलं, तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले.

रसायनांचं हे ज्ञान उपचारांत यायला तीन दशकं गेली, आणि मधल्या काळात जे घडलं ते भयंकर आहे. १९३५ मध्ये पोर्तुगालच्या एगाश मोनिझ यांनी मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन यांनी ती डोळ्याच्या खोबणीतून अणकुचीदार हत्यार घालून, काही मिनिटांत उरकण्याइतकी सोपी केली. हजारो माणसं शांत झाली, म्हणजे बरीचशी निर्विकार झाली. १९४९ मध्ये मोनिझ यांना नोबेल मिळालं. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देणं सुरू झालं आणि सुऱ्या हळूहळू बाजूला पडल्या.

याच शस्त्रक्रियेच्या काळात, १९५३ मध्ये, विल्यम स्कोव्हिल या अमेरिकी शल्यविशारदाने हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाची फीट थांबवण्यासाठी मेंदूच्या दोन्ही बाजूंना खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा बराच अंश काढून टाकला. फीट कमी झाली. पण त्यानंतर घडलेलं काहीही त्याच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघत चांदणीच्या रेषेवरून पेन्सिल फिरवायला सांगितलं. पहिल्या दिवशी हात भलतीकडे गेला, जसा सगळ्यांचाच जातो. तिसऱ्या दिवशी रेषा सफाईदार येऊ लागली. आपण हे आधी कधी केलंय, हे मात्र त्याला अजिबात आठवत नव्हतं. स्मरण ही एकच गोष्ट नाही, हाताला येणारं कौशल्य आणि मनाला आठवणारा प्रसंग मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी जातात, हे या चांदणीने दाखवलं. मोलेसन २००८ मध्ये वारला. तोवर सगळं जग त्याला ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनीच ओळखत होतं.

१९९० नंतर एफएमआरआयमुळे, म्हणजे मेंदूतल्या रक्तप्रवाहातले बदल टिपणाऱ्या स्कॅनमुळे, धडधाकट माणसाचा मेंदू काम करताना पाहता येऊ लागला. त्याबरोबर गॉलचा आत्माही परतला: प्रेमाची जागा, श्रद्धेची जागा, खरेदीची जागा. २००९ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’ आणि योगायोगाने उमटणारे खोटे संकेत गाळणारी गणितातली एक आवश्यक दुरुस्ती मुद्दाम टाळली. माशाच्या मेंदूत हालचाल ‘दिसली’. स्कॅनमधल्या रंगीत ठिपक्यांकडे बघताना हा मासा आठवावा.

वर्तन कशामुळे बदलतं, याचं सर्वांत अस्वस्थ करणारं उदाहरण अलीकडचं आहे आणि ते औषधातून आलं. पार्किन्सनच्या आजारात डोपामिन हे रसायन कमी पडतं, म्हणून त्याचं काम करणाऱ्या गोळ्या देतात. हात-पाय सुधारतात. पण यांतल्या काही गोळ्यांवर असलेल्या काही रुग्णांना, आयुष्यात पत्त्यालाही हात न लावलेल्यांना, जुगाराचं वेड लागतं. कोणी बेफाम खरेदी करतं. आपलं काही चुकतंय असं त्यांना बऱ्याचदा वाटतही नाही, आणि मात्रा कमी केली की वेड बहुतेक वेळा ओसरतं. या गोळ्यांच्या माहितीपत्रकात आता हा धोका छापलेला असतो, आणि त्यावर लक्ष ठेवायला रुग्णाइतकंच त्याच्या घरच्यांनाही सांगितलं जातं.