उत्तर आयर्लंडमधील कॅथलिकांची नागरी हक्क चळवळ

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि ईशान्येकडच्या सहा परगण्यांचे उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे राहिले. तिथे कॅथलिक साधारण एक-तृतीयांश होते. स्टॉरमाँटच्या संसदेत १९७२ पर्यंत एकाच, युनियनिस्ट (म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्या, मुख्यतः प्रॉटेस्टंट लोकांच्या), पक्षाची सत्ता होती. नोकऱ्यांतला भेदभाव आणि विनाचौकशी स्थानबद्धतेची मुभा देणारा १९२२ चा विशेष अधिकार कायदा या जुन्या तक्रारी. पण चळवळ पेटली ती घरांवरून.

याचे कारण मतदानाच्या नियमात होते. स्थानिक निवडणुकीत मत घरमालकाला किंवा मुख्य भाडेकरूला आणि त्याच्या जोडीदाराला. पोटभाडेकरूंना आणि आईवडिलांकडे राहणाऱ्या प्रौढ मुलांना मत नव्हते. कंपन्यांना मात्र सहापर्यंत मते मिळत. नियमात धर्माचा उल्लेख नाही, आणि गरीब प्रॉटेस्टंटही त्यात भरडले जात, हे सहसा विसरले जाते. मेख अशी की नगरपालिकेची घरे वाटत ते नगरसेवकच. एका जोडप्याला घर दिले की दोन मते तयार होत, त्यामुळे कोणाला घर द्यायचे आणि कोणत्या वॉर्डात, हा निवडणुकीचाच हिशेब होता.

डेरी शहरात (युनियनिस्टांच्या तोंडी लंडनडेरी, नावावरूनही वाद आहेच) हा हिशेब उघडा दिसतो. १९६७ मध्ये तिथे १४,४२९ कॅथलिक मतदार होते आणि इतर ८,७८१. तरी २० पैकी १२ जागा युनियनिस्टांकडे! साउथ वॉर्डात १०,०४७ कॅथलिक मतदार कोंबून त्यांना ८ जागा दिल्या होत्या. नॉर्थ वॉर्डात अवघ्या ६,४७६ मतदारांना तितक्याच ८, आणि वॉटरसाइडला ४. या दोन्ही वॉर्डांत युनियनिस्ट बहुसंख्य. कॅथलिकांना नवी घरे साउथबाहेर दिली असती तर हे गणित कोसळले असते, म्हणून ती दिली जात नसत.

१९६४ मध्ये डंगॅननच्या मॅक्लस्की दांपत्याने पुढाकार घेऊन सामाजिक न्यायासाठी मोहीम काढली. तिचा भर आकडेवारी गोळा करून छापण्यावर होता. १९६७ मध्ये नागरी हक्क संघटना स्थापन झाली. जून १९६८ मध्ये कॅलेडन गावात नगरपालिकेचे एक घर १९ वर्षांच्या अविवाहित प्रॉटेस्टंट तरुणीला मिळाले, तर शेजारच्या घरात ताबा घेऊन राहिलेल्या कॅथलिक कुटुंबाला पोलिसांनी बाहेर काढले. आमदार ऑस्टिन करी यांनी मग त्या तरुणीच्या घरातच ठाण मांडले. काही तासांत त्यांनाही हलवले गेले, पण बातमी दूरवर पोचली. ऑगस्टमध्ये कोलआयलंड ते डंगॅनन हा पहिला मोर्चा निघाला.

५ ऑक्टोबर १९६८ चा डेरीतला मोर्चा मोठा नव्हता. बंदी झुगारून निघालेल्या मोर्चेकऱ्यांना ड्यूक स्ट्रीटवर पोलिसांनी पुढून-मागून अडवून लाठ्यांनी झोडपले. आयरिश दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने ते टिपले नसते तर प्रकरण तिथेच दबले असते. नोव्हेंबरमध्ये उत्तर आयर्लंडचे पंतप्रधान टेरेन्स ओनील यांनी घरवाटपाला गरजेनुसार गुण देण्याची पद्धत, कंपन्यांची मते रद्द आणि डेरीची नगरपालिका बरखास्त करून विकास आयोग, अशा सुधारणा जाहीर केल्या. ‘एक माणूस, एक मत’ मात्र त्यात नव्हते. जानेवारी १९६९ मध्ये बर्नटोलेट पुलाजवळ विद्यार्थ्यांच्या मोर्चावर दगडफेक झाली. एप्रिलमध्ये सरकारने मताची मागणी मान्य केली. त्याच महिन्यात ओनील यांनी राजीनामा दिला.

तोवर प्रश्न रस्त्यावर गेला होता. ऑगस्टमध्ये डेरीतल्या बॉगसाइड या कॅथलिक वस्तीत तीन दिवस दंगल झाली आणि ब्रिटिश लष्कर उतरले. ३० जानेवारी १९७२ रोजी स्थानबद्धतेविरुद्धच्या मोर्चावर याच लष्कराने डेरीत गोळीबार केला. १३ जण ठार झाले, एक जखमी पुढे दगावला. मोर्च्यांचे राजकारण त्यानंतर मागे पडले आणि बंदुका पुढे आल्या.

१९२० मध्ये प्रमाणशीर पद्धतीने, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देऊन, मतदान झाले तेव्हा डेरीत राष्ट्रवाद्यांना (अखंड आयर्लंड हवे असलेल्या, मुख्यतः कॅथलिक गटांना) बहुमत मिळाले होते. १९२२ मध्ये ती पद्धतच मोडीत काढली गेली. स्थानिक निवडणुकांत ती परत आली १९७३ मध्ये.