नमुन्यात नसलेले आर्सेनिक

केसांची एक बट पाठवली की शरीरातील खनिजांचा संपूर्ण ताळेबंद हाती येतो, असा दावा करणाऱ्या जाहिराती अधूनमधून दिसतात. 2001 साली अमेरिकेत एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा व्यावसायिक प्रयोगशाळांकडे पाठवले गेले, तेव्हा आलेले अहवाल एकमेकांशी जुळले नाहीत आणि त्यांवर आधारित आहाराचे सल्लेही परस्परविरोधी निघाले. पत्रिका पाहून आजार सांगणाऱ्यांपेक्षा या उद्योगाची भाषा अधिक शास्त्रीय असते, एवढाच काय तो फरक.

वैद्यकातील खरी मोजणी वेगळी असते. प्रौढ शरीरात लोह तीन-चार ग्रॅम, जस्त दोन-अडीच ग्रॅम, तर तांबे एका ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. विल्सन रोगात तांबे यकृतात साचते. यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या ऊतीत ते 250 मायक्रोग्रॅमच्या वर आढळले, तर तो निदानाला भक्कम आधार मानला जातो. यासाठी सुईने काढलेला काही मिलिग्रॅमचा तुकडा पुरतो. तो वाळवून नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि त्या द्रावणाचे तुषार आरगॉन वायूच्या प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या अतितप्त झोतात, सोडतात. तेथील 6,000 ते 10,000 केल्विन तापमानात रेणूंचे अणू आणि बहुतेक धातूंच्या अणूंचे आयन (विद्युतभारित अणू) होतात. पुढे चार समांतर दांड्यांवरील विद्युतदाब असा बदलता ठेवतात की एका वेळी एकाच वस्तुमानाचे आयन पार होतात, आणि शोधक ते मोजतो.

यंत्राची खरी परीक्षा आर्सेनिकच्या वेळी होते. आर्सेनिकचा एकच स्थिर समस्थानिक आहे, त्याचा वस्तुमानांक 75. प्लाझ्मातील 40 वस्तुमानांकाचा आरगॉन आणि नमुन्यातील 35 वस्तुमानांकाचा क्लोरीन एकत्र आले की त्यांची बेरीजही 75 होते. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, लिटरमागे सुमारे साडेतीन ग्रॅम क्लोराइड असते, आर्सेनिक मात्र सहसा फार तर काही मायक्रोग्रॅम. त्यामुळे नमुन्यात आर्सेनिकचा लवलेश नसतानाही यंत्र ते ‘दाखवू’ शकते. काटेकोर पाहिले तर आर्सेनिकचे वस्तुमान 74.9216 आणि आरगॉन क्लोराइडचे 74.9313 आहे, पण हा फरक ओळखायला 7,700 हून अधिक विभेदनक्षमता (वस्तुमान भागिले वेगळा ओळखता येणारा किमान फरक) लागते आणि चार दांड्यांच्या गाळणीची कुवत त्याच्या जवळपासही नसते.

यावरचा उपाय मला या साऱ्या तंत्रातील सर्वांत देखणा भाग वाटतो. गाळणीच्या आधी हेलियमने भरलेली एक कोठडी ठेवतात. दोन अणूंचा आयन एका अणूच्या आयनापेक्षा आकाराने मोठा असल्यामुळे त्याच्या हेलियमशी अधिक टकरा होतात, तो अधिक ऊर्जा गमावतो आणि कोठडीच्या दाराशी उभारलेला विद्युतदाबाचा छोटा उंबरठा त्याला ओलांडता येत नाही. आर्सेनिकचा आयन मात्र ओलांडून जातो. दुसरा मार्ग याहून चतुर आहे: कोठडीत ऑक्सिजन सोडला की आर्सेनिक त्याच्याशी संयोग पावून 91 वस्तुमानांकावर जाते आणि आरगॉन क्लोराइड 75 वरच मागे राहते.

यंत्र निर्दोष असले तरी नमुना शुद्ध असेलच असे नाही. 1950 आणि 60 च्या दशकांत सीरममधील क्रोमियमच्या ज्या ‘सामान्य’ पातळ्या प्रसिद्ध झाल्या, त्यांपैकी अनेक आजच्या आकड्यांच्या शंभरपट आणि त्याहूनही अधिक होत्या. त्या काळातील माणसांच्या रक्तात क्रोमियम जास्त नव्हते. पोलादी सुया, धूळ आणि काचपात्रे यांचे क्रोमियम रक्ताच्या नावावर जमा होत होते. म्हणून आता ऊती कापायला टायटॅनियमची किंवा क्वार्ट्झची पाती आणि आम्लाने धुतलेली टेफ्लॉनची भांडी वापरतात, नमुन्याविना तीच सारी प्रक्रिया करून ‘कोरी’ मोजणी घेतात, आणि प्रमाणित घटक असलेली गोवंशीय यकृताची भुकटी नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीबरोबर मोजतात. त्या भुकटीचे उत्तर चुकले, तर त्या तुकडीतील रुग्णांचे आकडे कितीही संभाव्य वाटले तरी अहवालात जात नाहीत.