सार्वजनिक वाटांच्या नोंदीचे दावे आणि त्यांचा अग्रक्रम

इंग्लंड आणि वेल्समध्ये खाजगी जमिनीतून जाणाऱ्या, परंतु सर्वांना ये-जा करण्याचा कायदेशीर हक्क असलेल्या वाटांची नोंद अधिकृत नकाशावर व्हावी म्हणून नागरिक अर्ज करतात. हे अर्ज स्थानिक परिषदा कोणत्या क्रमाने हाती घेतात, याचे नियम आणि प्रथा म्हणजे वाटांच्या दाव्यांचा अग्रक्रम होय. मराठी वाचकाला ‘वहिवाट’ हा शब्द परिचयाचा आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 मधील वहिवाटीसाठीची 20 वर्षांची मुदत आणि येथे वाटेच्या सलग वापरासाठी असलेली 20 वर्षांची अट या एकाच इंग्रजी विधिपरंपरेतल्या आहेत. मात्र त्या वहिवाटीचा लाभ विशिष्ट जमिनीच्या धारकाला मिळतो, तर येथील हक्क कोणाही वाटसरूचा असतो.

नकाशाची पद्धत 1949 च्या राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भाग प्रवेश कायद्याने सुरू झाली. प्राथमिक पाहणीचे काम बहुतेक ठिकाणी पॅरिश परिषदांनी, म्हणजे गावपातळीवरील मंडळींनी, केले आणि ते सर्वत्र सारख्या निगुतीने झाले नाही. नकाशावर दाखवलेली वाट अस्तित्वात आहे, हे त्या नोंदीनेच निर्णायकपणे सिद्ध होते. पण नकाशावर नसलेली वाट मुळात नाहीच, असे कायदा मानत नाही. त्यामुळे सुटलेल्या वाटांचा हक्क नोंदीविना शिल्लक राहिला. 1981 च्या वन्यजीव व ग्रामीण भाग कायद्याने नकाशाचे सतत पुनर्विलोकन करण्याचे कर्तव्य काउंटी (जिल्हा) परिषदा आणि सर्व स्थानिक कामे एकहाती पाहणाऱ्या एकात्म परिषदांवर टाकले व कोणाही व्यक्तीला दुरुस्तीसाठी अर्ज करण्याची मुभा दिली. वाट पादचाऱ्यांची, घोडेस्वारांची, बिगरमोटार वाहनांची की सर्व वाहनांची, हेही नोंदीत ठरते.

पुरावा दोन प्रकारचा असतो. पहिला वापराचा. 1980 च्या महामार्ग कायद्यानुसार लोकांनी एखादी वाट बळजबरी न करता, लपूनछपून न जाता आणि परवानगी न घेता सलग 20 वर्षे वापरली असेल, तर मालकाने ती लोकांसाठी सोडली आहे असे गृहीत धरले जाते. तसा आपला हेतू नव्हता, हे दाखवून देण्याची सोय मालकाला असते. ही 20 वर्षे हक्काला प्रथम हरकत घेतली गेली त्या दिवसापासून मागे मोजतात, म्हणजे फाटकाला कुलूप लागले किंवा मनाईची पाटी उभी राहिली त्या दिवसापासून. साक्षीदाराच्या अर्जात प्रश्न साधे असतात: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत गेलात, वर्षातून किती वेळा, पायी की घोड्यावर, वाटेत फाटक होते का, कोणी कधी हटकले का. सोबतच्या नकाशावर साक्षीदार आपण चालत आलेली रेघ स्वतः दाखवतो आणि सही करतो.

दुसरा पुरावा कागदपत्रांचा. सामायिक जमिनींच्या वाटणीचे निवाडे, चर्चच्या धान्यकराचे नकाशे, रेल्वेच्या प्रस्तावित मार्गांचे आराखडे आणि 1910 च्या वित्त कायद्याखालील जमीनमूल्यांकनाचे नकाशे यांत तो शोधतात. या शेवटच्या नकाशांवर मालकीची प्रत्येक जमीन रंगाच्या कडेने वेगळी केलेली दिसते. दोन रंगीत जमिनींमध्ये एखादी पांढरी पट्टी मोकळी सुटली असेल, तर ती कोणाच्या करपात्र मालकीत धरलेली नव्हती आणि बहुधा सार्वजनिक रस्ता होती, असे अनुमान काढता येते. एवढ्यावर दावा सिद्ध होत नाही, पण इतर कागदांची जोड मिळाली की ही पट्टी फार बोलकी ठरते.

एका अर्जासाठी अभिलेखागार धुंडाळणे, साक्षीदारांना भेटणे, जमीनमालक व पॅरिश परिषद यांची म्हणणी घेणे आणि कायदेशीर अहवाल लिहिणे, एवढे सगळे काम मोजक्या अधिकाऱ्यांना करावे लागते. त्यामुळे अनेक परिषदांकडे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात. परिषदांनी आपल्या अग्रक्रमाचे निवेदन तयार करावे, अशी शिफारस ब्रिटिश सरकारच्या पर्यावरण खात्याच्या 2009 च्या परिपत्रकात आहे. काही परिषदा केवळ दाखल झाल्याच्या तारखेचा क्रम पाळतात. काही जणी गुण देतात: वाटेवर बांधकामाचे संकट आहे का, वाहत्या रस्त्यावरून चालणे तिच्यामुळे टळेल का, तुटलेल्या वाटा जोडल्या जातील का, घोडेस्वारांना लाभ होईल का. बऱ्याच ठिकाणी तारखेचा क्रम मूळ धरून अपवाद ठरवलेले असतात.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. दाव्याचा निर्णय करताना वाटेची गरज, सोय, सुरक्षितता किंवा मालकाचा खाजगीपणा यांना कायद्यात स्थान नाही. हक्क आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. उपयुक्ततेचा विचार निर्णयात वर्ज्य आहे, तो रांगेच्या क्रमात मात्र शिरतो. हे गैर नाही, कारण मर्यादित मनुष्यबळ कोठे लावायचे हे ठरवावेच लागते. परंतु रांगेचा क्रम अखेरच्या निकालावरही परिणाम करू शकतो, याची जाणीव निवेदनात असली पाहिजे. दीडशे वर्षांचा निवाडा आणखी दहा वर्षे अभिलेखागारात सुरक्षित राहील. ऐंशी वर्षांच्या साक्षीदाराची आठवण तशी राहत नाही. तो वारला तर लेखी जबाब उरतो, पण चौकशीत त्याला उलट प्रश्न विचारता येत नाहीत आणि त्या जबाबाचे वजन घटते. म्हणून वापराच्या पुराव्यावर उभ्या असलेल्या दाव्यांना अग्रक्रम देण्याची पद्धत न्याय्य वाटते. निदान साक्षीदारांच्या मुलाखती तरी रांगेची वाट न पाहता आधी घेतल्या पाहिजेत.

कायद्यातील अंतिम मुदतीने मात्र उलटा रेटा दिला. 2000 च्या ग्रामीण भाग व वाटा हक्क कायद्यात अशी तरतूद होती की 1949 पूर्वीपासूनचे, नोंद न झालेले पादचारी व घोडेवाटांचे हक्क, काही अपवाद वगळता, 1 जानेवारी 2026 रोजी संपुष्टात येतील. ही टांगती तलवार मुख्यतः जुन्या, कागदपत्रांवर आधारलेल्या वाटांवर होती. रॅम्बलर्स या पादचाऱ्यांच्या संस्थेने स्वयंसेवकांकरवी जुने नकाशे ताडून पाहिले, तेव्हा इंग्लंड व वेल्समध्ये 49,000 मैलांहून अधिक वाटा नोंदीतून सुटल्या असाव्यात, असे तिला आढळले. ऐतिहासिक दाव्यांचे गठ्ठे दाखल होऊ लागले आणि रांगा लांबल्या. इंग्लंडमध्ये सरकारने 2022 मध्ये ही मुदत रद्द करण्याचे जाहीर केले, 2023 मध्ये भूमिका बदलून ती 2031 पर्यंत वाढवली, आणि डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा ती रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला.

रांगेत अडकलेल्या अर्जदाराला एक उपाय आहे. जमीनमालकांना सूचना दिल्याचे प्रमाणपत्र परिषदेला मिळाल्यापासून 12 महिन्यांत निर्णय झाला नाही, तर तो मंत्र्यांकडे दाद मागू शकतो आणि मंत्री परिषदेला ठरावीक मुदतीत निर्णय देण्याचा आदेश देऊ शकतात. असा आदेश देताना परिषदेचे अग्रक्रम-निवेदन वाजवी आहे का आणि ती त्याप्रमाणे खरोखर वागते का, हे तपासले जाते. आदेश मिळालेला अर्ज रांगेतून पुढे येतो आणि त्याच अधिकाऱ्यांच्या टेबलावरचा दुसरा अर्ज तेवढा मागे सरकतो.