सरासरी वेग म्हणजे वाऱ्याची ताकद नव्हे

पठारावर पवनचक्की उभी करायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : इथं वाऱ्याचा सरासरी वेग किती? सेकंदाला 6 मीटर, असं उत्तर मिळतं आणि तेवढ्यावर उत्पन्नाचा हिशेब मांडला जातो. हा हिशेब वाचून वाचून मी खरंच थकलो आहे.

वेग म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. सेकंदाच्या मीटरला 3.6 ने गुणलं की ताशी किलोमीटर होतात. मेगावॅट ही यंत्राची क्षमता आणि युनिट ही प्रत्यक्ष तयार झालेली वीज, हेही एकदा लक्षात ठेवलं की पुरे.

अडतं ते पवन ऊर्जा घनतेपाशी. वाऱ्यासमोर उभ्या धरलेल्या एक चौरस मीटर चौकटीतून किती वॅट वाहून जातात, ती ही घनता. ती वेगाच्या घनावर ठरते. (घन आणि घनता हे शब्द शेजारी आले की गोंधळ आणखी वाढतो. इथं घन म्हणजे एकच संख्या तीनदा घेऊन केलेला गुणाकार.) वेग दुप्पट तर ऊर्जा आठपट, हे बहुतेकांना पाठ असतं. तरीही ते आधी वर्षाची सरासरी काढतात आणि मग तिचा घन करतात. करायचं नेमकं उलट : आधी प्रत्येक नोंदीचा घन, मग त्या घनांची सरासरी.

दोन जागा घ्या. एकीकडे वर्षभर एकसारखा 6 मीटरचा वारा. घन 216. दुसरीकडे अर्धं वर्ष 3 आणि अर्धं वर्ष 9. सरासरी तिथंही 6 च. पण घन 27 आणि 729, त्यांची सरासरी 378. म्हणजे पावणेदोनपट ऊर्जा! वाऱ्याला इंधन लागत नाही, बहुतेक खर्च उभारणीचा, आणि तो दोन्हीकडे जवळपास सारखाच. मग एका युनिटचा खर्च सारखा कसा राहील?

आपल्याकडची पठारं या दुसऱ्या जातीची आहेत. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी, वनकुसवडे भागात जून ते ऑगस्ट वारा जोरात असतो आणि हिवाळ्यात मंदावतो. तिथं वर्षाची एक सरासरी सांगणं मला निव्वळ दिशाभूल वाटते. शिवाय ही पठारं समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. तिथली हवा सुमारे दहा टक्के विरळ, म्हणून त्याच वेगाला ऊर्जाही तेवढीच कमी.

घनतेलाही मर्यादा आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण 12 मीटरच्या आसपास गेला की यंत्र पूर्ण क्षमतेला पोचतं. त्यापुढचा वारा जादा वीज देत नाही आणि सहसा 25 मीटरला पाती थांबवावी लागतात. त्यामुळे वादळी दिवसांचे प्रचंड घन कागदावरच राहतात.

उंची न सांगता दिलेला आकडा तर मी वाचतच नाही. सपाट, मोकळ्या जागी उंची दुप्पट केली की वेग साधारण दहा टक्के वाढतो आणि ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजात महाराष्ट्राची क्षमता 120 मीटर उंचीवर सुमारे 98 गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) आणि 150 मीटरवर सुमारे 174 गिगावॅट आहे. राज्य तेच, वारा तोच.

कुणी सरासरी वेग सांगून जमीन मागत असेल, तर वर्षभराच्या दर दहा मिनिटांच्या नोंदी आणि मोजणीच्या मनोऱ्याची उंची मागून घ्या.