दाढेचे उपचार, वेदना आणि भीती : आमच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक

सदाशिव पेठेतील आमच्या दवाखान्यात रूट कॅनालसाठी किंवा दाढ काढण्यासाठी येणाऱ्या अनेकांना उपचारापेक्षा सुईची धास्ती अधिक असते. ती बोलून दाखवण्यात संकोच बाळगू नये, ही आमची पहिली विनंती आहे. कारण घाबरलेल्या माणसाचे अंग ताठ होते, श्वास उथळ होतो आणि साधी कळही त्याला असह्य वाटू लागते. म्हणूनच भीती घालवणे हा आम्ही वेदनाशमनाचाच भाग मानतो.

हिरडी बधिर करण्यासाठी आम्ही लिग्नोकेन हे औषध वापरतो. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये प्रथम तयार झालेले हे औषध वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्याआधी नसेतच तात्पुरता अडवते. रुग्ण मात्र पूर्ण शुद्धीत असतो. सुई टोचण्यापूर्वी हिरडी कोरडी करून तिच्यावर बधिर करणारे जेल लावले जाते आणि एक-दोन मिनिटे थांबले जाते. इंजेक्शन दुखते ते पुष्कळदा औषध घाईने आत ढकलल्यामुळे, म्हणून साधारण १ मिलिलिटर औषधाला आम्ही पूर्ण एक मिनिट देतो, आणि तेवढा वेळ डॉक्टर तुमचा गाल दोन बोटांत धरून हलकेच हलवत राहतात, म्हणजे टोचल्याची जाणीव त्या हालचालीखाली दबते. या औषधात अ‍ॅड्रेनालिनचा अंश असल्याने क्वचित छातीत धडधडते आणि थोड्याच मिनिटांत ते ओसरते. तरीही हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असल्यास आधी सांगावे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नयेत.

खालची दाढ असेल तर त्या बाजूचा अर्धा ओठ जड झाल्याचे तुम्ही सांगेपर्यंत काम सुरू होत नाही. त्यानंतर दाब आणि ओढ जाणवेल, तीक्ष्ण कळ जाणवू नये. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो : दाढेखाली पू झाला असेल तर तेथील आम्लतेमुळे औषधाचा परिणाम कमी होतो, आणि अशा वेळी आणखी एक इंजेक्शन द्यावे लागते किंवा आधी सूज उतरवून पुन्हा बोलवावे लागते. दुखत असताना दात-ओठ खाऊन सोसण्याची काहीही गरज नाही. डावा हात वर केला की यंत्र थांबते. खुर्चीत बसल्यावर आम्ही ते एकदा तुमच्याकडूनच करवून घेतो, कारण आपल्या हाताने यंत्र थांबते हे एकदा पाहिले की मुठीत आवळलेला रुमाल पुष्कळदा आपोआप सैल होतो.

केवळ हिरडी बधिर करायची असल्यास उपाशी येऊ नये. चतुर्थी किंवा एकादशीचा उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडी वा दूध-केळे घेऊन यावे, कारण रिकाम्या पोटी आणि भीतीपोटी चक्कर येण्याचा संभव वाढतो. मधुमेहाची औषधे आणि जेवण नेहमीच्या वेळी घ्यावे. फार धास्ती असणाऱ्यांना डॉक्टर तपासून भीती शमवणारी गोळी देतात. तिच्यासाठी खाण्यापिण्याच्या सूचना वेगळ्या असतात, सोबत घरचे माणूस लागते, आणि त्या दिवशी दुचाकी चालवण्यास आम्ही परवानगी देत नाही, मग घर अगदी टिळक रस्त्यावर असले तरीही.

बधिरपणा साधारण दोन ते चार तास राहतो. तोवर गरम चहा घेऊ नये, आणि लहान मुले गंमत म्हणून ओठ चावत नाहीत ना, याकडे लक्ष ठेवावे; असे चावलेले ओठ दुसऱ्या दिवशी दाढेपेक्षा जास्त दुखतात. लिहून दिलेली वेदनाशामक गोळी ठणका सुरू होण्याची वाट न पाहता, बधिरपणा उतरण्यापूर्वीच, काहीतरी खाऊन घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार, पोटातील अल्सर किंवा दमा असल्यास घरात पडून असलेली गोळी परस्पर घेऊ नये. सूज वाढली, ताप आला, तोंड उघडेनासे झाले किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी आम्हाला फोन करावा. श्वास घेण्यास अडचण वाटल्यास आमची वाट न पाहता थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.