कोकिळेचे ठिपके, पावशाचे पट्टे

कोकीळ काळा असतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण कोकिळा काळी नसते, हे सोलापुरात उभं आयुष्य काढलेल्या कितीतरी जणांना माहीत नाही. त्यात त्यांचा दोषही नाही. उन्हाळा लागला की सिद्धेश्वर तलावाच्या काठापासून विजापूर रोडच्या झाडांपर्यंत जी 'कुऊ-कुऊ' चढत जाते, ती नराची. मादी 'किक्-किक्-किक्' असं तुटक ओरडते आणि पानांआड बसून राहते. आवाज ज्याचा येतो त्याला आपण शोधतो. जी गात नाही, ती समोरच्या कडुलिंबात बसलेली असली तरी दिसत नाही.

आणि खरं पाहण्यासारखी पिसं तर तिचीच आहेत. पाठ आणि पंख गडद तपकिरी, त्यांवर तीळ पेरल्यासारखे पांढरे-बदामी ठिपके. डोक्यावर तांबूस रेघा, शेपटीवर आडवे पट्टे. पोट मळकट पांढरं, पण तेही काळपट रेघा-पट्ट्यांनी भरलेलं. डोळे नरासारखेच लालभडक, चोच फिकट हिरवट. लांबी साधारण 40 ते 45 सेंटिमीटर, म्हणजे जवळपास गावकावळ्याइतकी. पण त्यातला बराच वाटा शेपटीचा असल्याने अंगाने ती कावळ्यापेक्षा सडपातळ वाटते.

या ठिपक्यांचं काम समजून घ्यायचं तर तिची अडचण समजून घ्यायला हवी. तिला अंडं घालायचं असतं कावळ्याच्या घरट्यात, आणि कावळ्यासारखा सावध पक्षी शहरात दुसरा नाही. घरट्याच्या आसपास दबा धरून, योग्य क्षणाची वाट बघत थांबणं भाग असतं. अंगाचा रंग एकसलग असेल तर आकार चटकन ओळखू येतो. ठिपके आणि पट्टे ती कड मोडून टाकतात. पानांतून ऊन-सावलीचे कवडसे पडलेले असताना डोळ्याला पक्ष्याऐवजी फांदीवरचा उजेड-अंधारच दिसतो. तिची अंडीही कावळ्याच्या अंड्यांसारखी हिरवट, तपकिरी ठिपक्यांची असतात, आकाराने मात्र लहान.

मग नर एवढा उठून दिसणारा का? त्याचा काळा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा. उन्हात त्यावर जी निळसर-हिरवी झाक चमकते, ती मात्र कुठल्या रंगद्रव्याची नाही. पिसाच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो तेव्हा ती उमटते, म्हणून सावलीत तोच पक्षी साधा काळा दिसतो. 'कावळ्याला फसवायला कोकीळ काळा झाला' असं सर्रास सांगितलं जातं, पण पूर्ण वाढलेल्या कोकिळाबाबत मला ते पटत नाही. कावळे त्याला पाहताच ओळखतात आणि शहरभर पिटाळतात. पक्षीनिरीक्षकांनी सांगितलेली गोष्ट त्याहून रंजक आहे: नराच्या मागे कावळे धावतात, घरटं क्षणभर मोकळं पडतं, आणि तेवढ्यात मादी आपला कार्यभाग उरकते. या खेळात एकाने दिसायचं आणि दुसरीने दिसायचं नाही.

काळ्या रंगाचा खरा उपयोग बहुधा पिल्लाला होत असावा. आपल्याकडच्या कोकिळेच्या पिल्लाला पिसं फुटतात ती बरीचशी काळी, चोचही काळी. मोठ्यांची फिकट हिरवी चोच आणि लाल डोळे नंतरचे. कावळ्याच्या पिल्लांमध्ये ते वेगळं उठून दिसत नाही. जूनमध्ये तारेवर एखादा कावळा लांब शेपटीच्या पिल्लाला घास भरवताना दिसला, तर त्या पिल्लाची चोच आणि पोटावरचे पट्टे जरूर पाहावेत.

कोकिळेच्या कुळातला चातक मात्र काही लपवत नाही. वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर तुरा, पंखावर पांढरा डाग, शेपटीच्या पिसांना पांढरी टोकं; नर-मादी अगदी सारखे. पावसाच्या तोंडावर नान्नजच्या माळावरच्या बाभळीवर तो लांबूनही ओळखू येतो. त्याची नक्कल अंड्यात आहे: थव्याने फिरणाऱ्या सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात त्याची अंडी घातली जातात; सातभाईची अंडी निळीशार, तशीच चातकाचीही. याच कुळातला भारद्वाज स्वतःचं घरटं स्वतः बांधतो. तांबूस पंख मिरवत तो बागेत उघडपणे फिरतो.

वेषांतरात सर्वांत पुढे गेलेला पक्षी म्हणजे पावशा. 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणत मृगाआधी शेतकऱ्याच्या मनात कालवाकालव करणारा. राखाडी पाठ, छातीवर तांबूस छटा, शेपटीवर ठळक पट्टे: हा हुबेहूब शिक्रा, म्हणजे छोट्या पक्ष्यांवर झडप घालणारा शिकारी पक्षी. नुसती पिसंच नाहीत, उडणंही तसंच. चार वेळा पंख मारायचे, मग तरंगत जायचं, फांदीवर बसताना शेपटी डावी-उजवीकडे हलवायची. पावशाचं पिल्लूसुद्धा शिक्र्याच्या पिल्लासारखं, छातीवर तपकिरी रेघा असलेलं. तो आला की लहान पक्षी आणि खारी शिक्रा आल्यासारख्या ओरडू लागतात.

अशा पट्ट्यांचा परिणाम खरंच होतो का, हे केंब्रिज विद्यापीठाच्या निक डेव्हिस आणि जस्टिन वेल्बर्गन यांनी युरोपातल्या कक्कूवर, म्हणजे कोकिळेच्याच कुळातल्या पट्टेरी पोटाच्या पक्ष्यावर तपासलं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, दाणे टिपायला येणाऱ्या छोट्या पक्ष्यांजवळ पेंढा भरलेले पक्षी ठेवले होते. छोटे पक्षी शिक्र्याच्या जातीच्या शिकारी पक्ष्याला जितके घाबरले, तितकेच कक्कूलाही. पोटावरचे पट्टे झाकले, तेव्हा मात्र त्यांना कक्कूची वाटणारी भीती कमी झाली. पावशाची मादीही अंडी घालते ती सातभाईंच्या घरट्यात, आणि ते थव्याने राहतात, भांडखोरही असतात. त्यांना क्षणभर दबकवता आलं तरी पावशाच्या मादीला पुरतं.

आपल्याला मात्र फसायचं कारण नाही. शिक्र्याची चोच आखूड आणि आकडीसारखी वाकलेली, नख्या तीक्ष्ण. पावशाची चोच सरळसर, जेमतेम बाक असलेली, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. पाय दिसलेच तर शंकाच उरत नाही: दोन बोटं पुढे आणि दोन मागे, कोकिळेच्या साऱ्या कुळाची असतात तशी.