मालदीवमधलं लग्न आणि त्याचा फोटो : पार्श्वभूमी

मालदीवच्या रिसॉर्टवर लग्नाचे फोटो काढायला गेलेल्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी तीन घड्याळं सांभाळावी लागतात. राजधानी मालेचं घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे चालतं. बरेच रिसॉर्ट मात्र आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे लावतात, म्हणजे भारताच्या अर्धा तास पुढे. पाहुण्यांना संध्याकाळ लांबल्यासारखी वाटावी, एवढंच त्यामागचं कारण. गंमत अशी की माले जवळजवळ पुण्याच्या सरळ दक्षिणेला आहे. सूर्य दोन्हीकडे साधारण एकाच वेळी माथ्यावर येतो. फरक पाडला तो माणसांनी. गोरज मुहूर्त धरायचा तर मावळतीला मालेच्या घड्याळात सहा-सव्वासहा, आईच्या मनगटावर साडेसहा-पावणेसात आणि रिसॉर्टच्या भिंतीवर सात-सव्वासात वाजलेले असतात.

एक कॅमेरा भारतीय वेळेवर, दुसरा रिसॉर्टच्या आणि ड्रोन मोबाइलवरून घेतलेल्या वेळेवर राहिला, तर परत आल्यावर सिलेक्शनला बसणाऱ्याची वाट लागते. सगळे फोटो वेळेप्रमाणे लावले की आधी हार पडतात, मग अंतरपाट धरला जातो आणि नवरी सगळ्यात शेवटी मंडपात येते. हा घोळ आमच्या टेबलावर एकदा नाही, तीनदा आला आहे.

या बेटांचे जगभर गेलेले पहिले मोठे फोटो जोडप्यांचे नव्हतेच, माशांचे होते. 1957-58 मध्ये एका ऑस्ट्रियन पाणबुड्या जीवशास्त्रज्ञाची मोहीम इथल्या प्रवाळांत उतरली आणि पाण्याखालची चित्रं घेऊन गेली. त्यानंतर साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी पाहणी करून हा देश पर्यटनाला योग्य नाही असं मत दिलं. ते चुकीचं ठरवलं एका इटालियन प्रवास-व्यावसायिकानं. फेब्रुवारी 1972 मध्ये त्यानं जो पहिला गट आणला त्यात पत्रकार आणि फोटोग्राफर होते. म्हणजे पर्यटक यायच्या आधी कॅमेरा आला. त्याच वर्षी पहिला रिसॉर्ट उघडला. त्याच्या नावाचा तिथल्या धिवेही भाषेतला अर्थ शहाळं. पुढची वीस-पंचवीस वर्षं युरोपातले डायव्हर, त्यांच्या मागोमाग मधुचंद्राला आलेली जोडपी, असं ते चाललं. त्या काळातल्या लग्नांचे फोटो फारसे पाहायला मिळत नाहीत, आणि जे दिसतात ते एका रोलमधले, रिसॉर्टच्याच कुणा कर्मचाऱ्यानं काढलेले वाटतात.

एक धोरण मात्र तेव्हापासून टिकलं आणि आजच्या फोटोंवरही त्याचा ठसा आहे: एका बेटावर एकच रिसॉर्ट, आणि स्थानिक वस्तीची बेटं वेगळी. साधी गेस्ट हाउस वस्तीच्या बेटांवर 2009 नंतर वाढली. त्यामुळे मालदीवच्या लग्नाच्या फोटोत मागे गाव दिसत नाही. ना देऊळ-मशीद, ना बाजार, ना कडेला उभी राहून बघणारी पोरं. गोव्यात बीचवर फोटो काढताना फ्रेममधून किती माणसं हाकलावी लागतात, ते ज्यानं केलंय त्याला या रिकामपणाची किंमत कळेल. पण रिकामपण म्हणजे साक्षीदारही नाहीत, आणि पुढचा सगळा गुंता तिथून सुरू होतो.

रिसॉर्टच्या माहितीपत्रकात एक शब्द ठरलेला असतो: 'सिम्बॉलिक'. म्हणजे प्रतीकात्मक सोहळा. मालदीव इस्लामी राष्ट्र आहे. 2008 च्या राज्यघटनेनुसार नागरिकत्वही मुस्लीम व्यक्तीलाच मिळतं. बाहेरून आलेल्या बिगर-मुस्लीम जोडप्यानं रिसॉर्टवर लावलेल्या लग्नाला तिथल्या कायद्यानं विवाह मानायचं नाही, हीच आजवरची रीत. सोहळा होतो, ढोल वाजतो, जोडपं नारळाचं रोप लावतं, शेवटी छान कागदावर दाखलाही मिळतो. त्या दाखल्याला कुठल्याही कचेरीत किंमत नाही. मॉरिशसशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो. तिथं परदेशी जोडप्याची रीतसर नागरी नोंदणी होते. शिवाय तिथं मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तरीही मुंबई-पुण्याच्या जोडप्यांना मालदीव जास्त भुलवतं. विमानानं अडीच-तीन तासांचं अंतर आणि लाकडी खांबांवर पाण्यात उभ्या खोल्या, यापुढे दाखल्याचं कुणाला काय पडलंय!

पण घरात 'सिम्बॉलिक' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. नवरा-नवरीला तो 'आपल्या पद्धतीनं' असा ऐकू येतो, वडिलांना 'खोटं-खोटं' असा. स्टुडिओत सरळ 'फोटोपुरतं लग्न' म्हणतात. भटजींना यातलं काहीच मान्य नसतं, आणि कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कलम 7 असं सांगतं की जिथं सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथं सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला. भारतात अधिवास असलेल्या हिंदूंना हा कायदा देशाबाहेरही लागू आहे. मग वाळूच्या दांड्यावर अग्नीभोवती सात पावलं चाललेलं जोडपं विवाहित की अविवाहित? रिसॉर्ट म्हणतं, आम्ही फक्त खुर्च्या मांडल्या. भटजी म्हणतात, मी लग्न लावलं. नोंदणी कचेरी विचारते, कुठे झालं? परदेशातल्या बेटाचं नाव ऐकलं की तिथला कारकून फाइल बाजूला ठेवतो.

म्हणून वकिलांकडून सल्ला येऊ लागला की आधी इथं नोंदणी करा, मग तिकडे काय हवा तो सोहळा करा. तो सल्लाही 2024 मध्ये थोडा अडखळला. सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की आवश्यक विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानं हिंदू विवाह सिद्ध होत नाही. लग्न म्हणजे नाचगाणी आणि जेवणावळ नव्हे, असंही सुनावलं. म्हणजे हिंदू विवाह कायद्याखाली विधीविना आधी दाखला आणि मग बेटावर सप्तपदी, हा क्रम डळमळीत झाला. सुरक्षित वाट उरली ती 1954 च्या विशेष विवाह कायद्याची: 30 दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, कचेरीतली सही. माझं मत विचाराल तर या सगळ्या भांडणात फोटोग्राफरचं वजन नको इतकं वाढलं. दाखला फोल, साक्षीदार मोजके, गाव नाही. मग 'लग्न झालं' हे दाखवायला अल्बमशिवाय दुसरं असतं काय?

2010 च्या ऑक्टोबरमध्ये कॅमेऱ्याचं हे वजन फार वाईट रीतीनं समोर आलं. एका रिसॉर्टवर एक स्विस जोडपं लग्नाच्या शपथा पुन्हा घ्यायला आलं. पांढरे कपडे, फुलं, समोर स्थानिक पोशाखातला सोहळा चालवणारा. तो लयीत धिवेहीत बोलत होता आणि जोडपं आशीर्वाद समजून हात जोडल्यासारखं गंभीर उभं होतं. प्रत्यक्षात तो त्यांना डुक्कर, काफिर म्हणत होता, आणि मंत्रासारखा म्हटलेला मजकूर होता नोकरीच्या नियमांचा. हे बाहेर आलं कारण कुणीतरी चित्रीकरण केलं आणि ते यूट्यूबवर चढवलं. सरकारला माफी मागावी लागली, कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतलं गेलं, आणि असे सोहळे कुणी, कसे चालवायचे यावर तिथं वाद पेटला.

या प्रसंगाची बातमी तेव्हा 'पर्यटकांचा अपमान' म्हणून छापून आली. फोटोच्या धंद्यातल्या माणसाला त्यात दुसरं दिसतं. त्या दिवशी आवाजाविना नुसते फोटो काढले असते तर ते उत्तम आले असते: मऊ उजेड, प्रसन्न चेहरे, मागे निळं पाणी. अल्बम चाळून कुणालाही काही कळलं नसतं. त्याच महिन्यात इन्स्टाग्रामही सुरू झालं, आणि पुढची काही वर्षं जोडप्यांनी मालदीव पाहिलं ते तिथल्या चौकोनात, आवाजाविना.

तंत्राचे बदलही याच सुमारास भराभर आले. 2008 च्या अखेरीस फोटोच्या कॅमेऱ्यात पूर्ण दर्जाचं व्हिडिओ चित्रीकरण आलं आणि आपल्याकडचं 'शूटिंगवाला' आणि 'फोटोवाला' हे अंतर पुसट झालं. हॅलोजनचा दिवा धरून उभं राहणारं पोरगं गेलं, व्हिडिओ मिक्सिंगमधली उडती बदामं गेली, आणि 'कॅन्डिड' नावाचं वेगळं पॅकेज आलं. त्याचा दर 'ट्रॅडिशनल'च्या दुप्पट का, हे अजून कुणी मला पटवून दिलेलं नाही. 2013 नंतर ड्रोन स्वस्त झाले आणि मालदीवचा फोटो उभ्याचा आडवा झाला: वरून निळं खाजण, मध्ये पांढरा ठिपका, ठिपक्यावर दोन माणसं. चेहरा दिसतच नाही. त्यातही समुद्री विमानांची ये-जा, परवानग्या, वारा. ज्यांनी उडवला त्यांनाच ठाऊक.

उजेडाचं गणितही इथं उलटं. प्रवाळाची पांढरी वाळू खालून उजेड फेकते, त्यामुळे हनुवटीखालची सावली आपोआप भरते. रिफ्लेक्टर धरायला माणूस लागत नाही. पण दुपारी तोच उजेड शालूची जर जाळून टाकतो. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य जवळपास सरळ खाली पडतो आणि संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. थांबून राहिलात तर अंधारच टिपाल. एसी खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर धुकं धरतं, त्यामुळे अर्धा तास आधी बॅग ओसरीवर आणून ठेवावी लागते. रंगाली बेटावर 2005 मध्ये समुद्रसपाटीच्या पाच मीटर खाली उपाहारगृह उघडलं, तिथंही जोडपी उभी राहू लागली. आत पांढरा सदरा निळा येतो, हळद लावलेले हात हिरवट. दुरुस्त करायला बसलं की मासे भगवे होतात.

भारतीय लग्नं तिथं वाढली तसा आणखी एक पेच पुढे आला. पूजेच्या मूर्ती देशात आणायला तिथल्या कस्टमची बंदी आहे. आपल्याकडे लग्नाची सुरुवातच गणपतीनं होते. मराठी घरांत मात्र गणेशपूजन बहुधा तांदळावर ठेवलेल्या सुपारीचं असतं, आणि सुपारी ही मूर्ती की फळ, हा प्रश्न विमानतळावर कुणाला पडत नाही. मालदीवचे लोक स्वतः जेवणानंतर सुपारी चघळतात. फोटोत ती सुपारी जवळून घ्यायची की नाही, यावर मात्र मी दोन घरांत दोन उत्तरं ऐकली आहेत.

खरी लाट आली कोविडच्या वर्षात. 15 जुलै 2020 ला मालदीवनं पर्यटकांना दारं उघडली तेव्हा बाकी बहुतेक जग बंद होतं. हिंदी चित्रपटांतले तारे-तारका तिकडे पोचले, त्यांचे फोटो रोज दिसू लागले, आणि पुढची तीन वर्षं तिथं सर्वाधिक पर्यटक भारतातून गेले. 2023 मध्ये दोन लाखांहून अधिक. पाठोपाठ जानेवारी 2024 चा वाद. पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो, त्यावर मालदीवच्या उपमंत्र्यांची शेरेबाजी, तिघांचं निलंबन, इकडे बहिष्काराची हाक आणि एका बुकिंग कंपनीनं थांबवलेली विमानांची तिकिटं. त्याच्या दीड महिना आधी 'लग्न भारतातच करा' असं आवाहन झालेलं होतंच. 2024 मध्ये भारतीयांचा आकडा 1 लाख 30 हजारांच्या घरात उतरला. बहिष्काराची भाषा ज्यांनी केली त्यांनी लक्षद्वीपचा पर्याय सुचवला; तिथं जायला परवाना लागतो, खोल्या मोजक्या आहेत आणि दीडशे वऱ्हाडी उतरवायची सोय नाही, हे आधी पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ज्यांची लग्नं ठरलेली होती त्यांचे हाल झाले. अनामत परत मिळेना, आणि गेलं तर फोटो टाकायची चोरी. त्या हंगामातली काही जोडपी फोटोत ठिकाणाचं नाव न लिहिता 'समुद्रकाठी' एवढंच लिहीत होती.

फोटोग्राफरच्या बाजूचा इतिहास लिहिलेला नाही, पण नियमांतून तो वाचता येतो. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर काम करता येत नाही. रिसॉर्टचा स्वतःचा फोटो-कक्ष असतो आणि बाहेरच्या माणसाला आणायचं तर बहुतेक ठिकाणी वेगळं शुल्क लावतात. पॅकेजमध्ये ती ओळ तळाशी बारीक अक्षरात असते. समुद्री विमानात साधारण 20 किलो सामान आणि 5 किलो हातातलं. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, चार लेन्स, दिवे आणि ड्रोन मिळून हा आकडा केव्हाच ओलांडला जातो, आणि मग नवरीच्या मावशीच्या बॅगेत बॅटऱ्यांचा डबा जातो. ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. दुपारी उशिरा मालेला उतरलेला फोटोग्राफर हळदीला पोचतच नाही.

या सगळ्यात एक फोटो कुठल्याच अल्बमला येत नाही. निघायच्या पंधरा दिवस आधी, विवाह नोंदणी कार्यालयात, टेबलावर वाकून सही करणारी मुलगी. मागे हिरवट भिंत, कपाट, साक्षीदार म्हणून आलेले काका, मावशी आणि मित्र. कुणीतरी मोबाइलवर काढलेला, थोडा हललेला. 'हा पण टाकायचा का?' असं सिलेक्शनच्या वेळी विचारलं, की दोघं एकमेकांकडे बघतात आणि नको म्हणतात.